अमेरिकन रौप्यनाण्यांवरील वर्णच्छटा व त्यांची साक्ष : प्रतवारीच्या पद्धतीचें परीक्षण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील जुन्या नाण्यांच्या बाजारांत एक विलक्षण गोष्ट रूढ झाली आहे. ज्या चांदीच्या नाण्यावर काळाच्या ओघांत निळी, जांभळी, सोनेरी किंवा हिरवट छटा चढली असेल, तें नाणें त्याच सालच्या, त्याच टांकसाळींतील व तितक्याच सुस्थितींतील पांढऱ्या शुभ्र नाण्यापेक्षां कित्येक पटींनीं अधिक किंमतीस जाऊं शकतें. १८८१ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथील टांकसाळींत १,२७,६०,००० डॉलर पाडण्यांत आले. त्यांपैकीं व्यवहारांत न आलेलीं नाणीं आजहि विपुल आहेत. दुर्मिळपणाचा त्यांस स्पर्शहि नाहीं. तरी त्यांतील एकाद्या नाण्यावर इंद्रधनुष्यासारखे पट्टे उमटले असले, तर त्यासाठीं लिलांवांत चढाओढ लागते. या रंगास तिकडील संग्राहक 'टोनिंग' म्हणतात. प्रस्तुत लेखांत आपण त्यास वर्णच्छटा म्हणूं.

हा केवळ हौसेचा प्रश्न असता, तर संशोधनास वाहिलेल्या त्रैमासिकांत त्याची चर्चा करण्याचें प्रयोजन नव्हतें. धनिकानें आपला पैसा कोणत्या रंगावर खर्चावा हें सांगण्याचा अधिकार इतिहासाभ्यासकास नाहीं. परंतु नाणें हें इतिहासाचें साधन आहे, आणि त्याच्या अंगावर चढलेला रंग हा त्या साधनाचाच एक भाग आहे. तें नाणें कोठें, कशांत व कोणाच्या शेजारीं पडून होतें, याची ती नोंद असते. बाजारांतील प्रतवारीनें या नोंदीस अलंकार ठरविलें. अलंकार ठरल्यामुळें ती खोटी बनविली जाऊं लागली, आणि ज्यांस अलंकार आवडत नाहीं त्यांजकडून ती पुसलीहि जाऊं लागली. दोन्ही मार्गांनीं साधन नष्ट होतें.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत लिखित, भुक्ति व साक्षी अशीं तीन मानुष प्रमाणें सांगितलीं आहेत. नाण्याच्या परीक्षेस तीं तिन्ही चांगलीं लागू पडतात. नाण्यावरील अक्षरें व साल हें लिखित होय. तें कोणाकोणाच्या ताब्यांतून आलें ती परंपरा म्हणजे भुक्ति. आणि धातूच्या अंगावरील ठशाच्या खुणा, झीज व रंग हे साक्षी होत. साक्षीचें म्हणणें ग्राह्य धरण्यापूर्वीं त्याची तपासणी करावी लागते. अमेरिकन नाण्यांच्या प्रतवारीनें ही तपासणी बाजूस ठेवून साक्षीच्या पोशाखावरच निकाल देण्याचा प्रघात पाडला, असा माझा आक्षेप आहे. त्याचें विवेचन पुढीलप्रमाणें.

(१) वर्णाची उत्पत्ति

हवेंतील गंधकयुक्त वायूशीं, विशेषतः हायड्रोजन सल्फाइडशीं, दमटपणाच्या साह्यानें चांदीचा संयोग होतो व तिच्या पृष्ठावर सिल्व्हर सल्फाइडचा अत्यंत पातळ पापुद्रा धरतो. घरांतील चांदीचीं भांडीं काळीं पडतात तीं याच कारणानें. हा पापुद्रा अगदीं पातळ, म्हणजे मिलिमीटरच्या दहा-हजारांश भागाहूनहि कमी जाडीचा असतो, तोंपर्यंत तो काळा न दिसतां रंगीत दिसतो. पापुद्र्याच्या वरच्या अंगावरून परतलेला प्रकाश व खालच्या धातूवरून परतलेला प्रकाश हे एकमेकांस मिळतात; त्यांत कांहीं रंग लोपतात व कांहीं उठून दिसतात. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसाळ्यांत रस्त्यावर सांडलेल्या तेलावर जे रंग खेळतात ते याच जातीचे.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही कीं, या रंगांस ठरलेला क्रम आहे. प्रथम फिकट पिवळा, मग गडद सोनेरी, नंतर तांबूस-जांभळा, त्यापुढें निळा, आणि निळा फिका होत गेल्यावर पुन्हां पिवळ्यापासून दुसरी फेरी. शुद्ध हिरवा रंग पहिल्या फेरींत येत नाहीं. त्यासाठीं पापुद्रा बराच वाढावा लागतो. नाण्याच्या कडेपासून मध्याकडे पाहत गेलें असतां हे रंग याच क्रमानें एकांतून दुसऱ्यांत विरत गेलेले दिसले पाहिजेत. दुसरी गोष्ट ही कीं, हा रंग बाहेरून दिलेला लेप नव्हे. तो नाण्याच्या स्वतःच्या चांदीचाच झालेला विकार आहे. म्हणून ज्यास आपण सौंदर्य म्हणतों ती वस्तुतः क्षयाची पहिली पायरी होय. पापुद्रा वाढतच गेला, तर रंग संपून काळेपणा उरतो व ठशाचें मूळचें तेज कायमचें जातें. संग्राहक या क्षयाची एक अवस्था पसंत करून तिला तेथेंच थांबवूं पाहतो. त्याची आवड खोटी नाहीं. पण आपल्याला आवडलें तें नेमकें काय, हें त्यानें ओळखलेलें बरें.

(२) थैली, पेटी व पुठ्ठा

आतां हा रंग काय सांगूं शकतो तें पाहूं. १८७८ च्या ब्लँड-अ‍ॅलिसन कायद्यानें अमेरिकन सरकारावर दरमहा ठराविक किंमतीची चांदी विकत घेऊन तिचे डॉलर पाडण्याचें बंधन आलें. जॉर्ज मॉर्गन यानें ठसे कोरलेले हे डॉलर १८७८ ते १९०४ पर्यंत व पुन्हां १९२१ सालीं पडले. लोकांस हीं जड नाणीं खिशांत वागविणें नको होतें. म्हणून एकेक हजार नाण्यांच्या जाड कापडी थैल्या बांधून त्या सरकारी तळघरांत रचण्यांत आल्या, व कित्येक थैल्या तेथें पिढ्यान्पिढ्या राहिल्या. जें नाणें थैलीच्या कापडास टेकलें, त्याची तेवढी एक बाजू रंगली; दुसरी पांढरीच राहिली. कांहींवर कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांची वीणहि उमटली. जेथें शेजारचें नाणें अर्धवट वर चढून बसलें होतें, तेथें झांकलेला भाग शुभ्र राहून चंद्रकोरीसारखी रेषा उठली. हें सर्व नुसत्या डोळ्यांनीं वाचतां येतें.

याउलट, १९३० नंतरच्या काळांत वेट रेमंड यानें प्रसृत केलेल्या पुठ्ठ्याच्या संग्रहपुस्तकांत जीं नाणीं राहिलीं, त्यांस पुठ्ठ्यांतील गंधक कडेकडून लागला. म्हणून त्यांवर कडेपासून आंत जाणारीं वर्तुळें दिसतात. १९४७ ते १९५८ पर्यंत टांकसाळीनें स्वतःच पुठ्ठ्यांत बसवून विकलेल्या वार्षिक संचांतील नाणींहि अशींच रंगलीं. थैलींतील नाणें, संग्रहपुस्तकांतील नाणें व पुठ्ठ्याच्या संचांतील नाणें यांचे रंग जाणत्यास वेगवेगळे ओळखूं येतात.

या साक्षीचें महत्त्व केवढें आहे, हें त्या डॉलरांचा पुढील इतिहास पाहिला म्हणजे कळतें. आणि त्या इतिहासांत आपल्या देशाचाहि संबंध आहे. पहिल्या महायुद्धांत हिंदुस्थानांत चांदीच्या रुपयांची मोठी टंचाई पडली. लोक नोटा घेऊन रुपये मागूं लागले, व सरकारी खजिन्यांतील रुपये आटत चालले. तेव्हां २३ एप्रिल १९१८ रोजीं अमेरिकेंत पिटमन कायदा मंजूर झाला व त्या अन्वयें एकंदर २७,०२,३२,७२२ डॉलर वितळविण्यांत आले. त्यांतील सुमारें २५ कोटि ९१ लक्ष डॉलरांची चांदी ब्रिटिश सरकारास हिंदुस्थानाकरितां विकण्यांत आली. मॉर्गनच्या ठशाची ती चांदी मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळींत पांचव्या जॉर्जचे रुपये होऊन आपल्या आजोबा-पणजोबांच्या कनवटीला लागली.

परंतु वितळविलेले डॉलर कोणत्या सालाचे व कोणत्या टांकसाळीचे होते, याची नोंद कोणी ठेवली नाहीं. परिणामीं कोणतीं नाणीं किती शिल्लक आहेत, हें केवळ तर्कावर राहिलें. न्यू ऑर्लिन्स येथें १९०३ सालीं ४४,५०,००० डॉलर पडले होते. पण ते दिसेनात, म्हणून ते बहुतेक सर्व भट्टींत गेले असें ठरलें, व त्यांपैकीं एका चांगल्या नाण्याचा भाव दीड हजार डॉलरपर्यंत चढला. पुढें नोव्हेंबर १९६२ मध्यें सरकारी तळघरांतील मोहोरबंद थैल्या नाताळच्या मागणीसाठीं उघडल्या गेल्या, तों त्यांतून हेच डॉलर थैल्या थैल्या भरून बाहेर पडले! भाव पाहतां पाहतां अगदीं अल्पांशावर आला. मार्च १९६४ मध्यें सरकारनें कागदी चलनाच्या बदल्यांत डॉलर देणें बंद केलें, तोंपर्यंत हीं तळघरें जवळजवळ रिकामीं झालीं होतीं.

म्हणजे कागदोपत्रीं जो इतिहास लिहिला गेला नाहीं, त्याचा अवशेष जर कोठें असेल तर तो नाण्यांच्या अंगावर आहे. कापडाची वीण अंगावर घेऊन आलेला डॉलर सांगतो कीं, मी थैलींत दीर्घकाळ होतों. अशा नाण्यावरील रंगास "सुंदर" म्हणून थांबणें म्हणजे ताम्रपटाच्या अक्षरांची वळणें सुबक आहेत एवढेंच सांगून मजकूर न वाचण्यासारखें आहे.

(३) शेल्डनची मोजपट्टी

आतां ज्या प्रतवारीवर मुख्य आक्षेप आहे तिजकडे वळूं. विल्यम हर्बर्ट शेल्डन हा व्यवसायानें मानसशास्त्रज्ञ. मनुष्याच्या शरीराच्या ठेवणीवरून त्याचा स्वभाव अंकांत मांडण्याच्या त्याच्या उद्योगामुळें तो प्रसिद्ध होता. १९४९ सालीं त्यानें १७९३ ते १८१४ पर्यंतच्या अमेरिकन तांब्याच्या मोठ्या सेंटांवर 'अर्ली अमेरिकन सेंट्स' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९५८ सालीं त्याचीच सुधारलेली आवृत्ति 'पेनी व्हिम्सी' या नांवानें निघाली. ठशांच्या भेदांचें त्यानें केलेलें वर्गीकरण खरोखर परिश्रमाचें आहे, आणि त्या सेंटांचे भेद अद्यापि त्याच्याच क्रमांकांनीं ओळखले जातात. ग्रंथाचा हा भाग टिकाऊ ठरला, तो योग्यच ठरला.

परंतु याच ग्रंथांत त्यानें १ ते ७० अशी एक मोजपट्टी मांडली. जेमतेम ओळखूं येणारें झिजकें नाणें १, आणि टांकसाळींतून आलें तसें निर्दोष नाणें ७०. या अंकांचा मूळ अर्थ आज पुष्कळांस ठाऊक नाहीं. ते गुणांचे अंक नव्हतेच. ते किंमतीचे गुणक होते. एका जातीच्या अत्यंत झिजक्या सेंटाची जी मूळ किंमत, तिला या अंकानें गुणलें असतां त्या त्या प्रतीची किंमत यावी, अशी ती योजना होती. मूळ किंमत एक डॉलर असेल, तर निर्दोष सेंटाची सत्तर डॉलर. अर्थात् ही मोजपट्टी म्हणजे त्या काळच्या बाजारभावाचें कोष्टक होतें. थोड्याच वर्षांत उत्तम प्रतीच्या नाण्यांचे भाव या प्रमाणाबाहेर गेले आणि गुणाकार निरर्थक झाला. गुणाकार गेला, अंक मात्र राहिले. ज्या भावांवर ते उभे होते ते भाव गेल्यावर हे अंक कशाचे मोजमाप करतात, हा प्रश्न कोणी नेटानें विचारला नाहीं.

पुढें तांब्याच्या सेंटांसाठीं केलेली ही पट्टी चांदी, सोनें व निकेल या सर्वांस लावण्यांत आली. १९७७ च्या सुमारास अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशननें तिला मान्यता दिली. १९८६ सालीं प्रोफेशनल कॉइन ग्रेडिंग सर्व्हिस व १९८७ सालीं न्यूमिस्मॅटिक गॅरंटी कॉर्पोरेशन या संस्था निघाल्या. त्या नाणें पाहून त्यास अंक देतात व तें पारदर्शक प्लॅस्टिकच्या बंद डबींत घालून परत करतात. शेल्डननें अव्यवहृत नाण्यांस ६०, ६५ व ७० एवढ्याच पायऱ्या ठेवल्या होत्या. आतां ६० ते ७० मधील प्रत्येक अंक वापरला जातो, आणि वर अधिक-चिन्हेंहि लागतात. या एका अंकांत चार निरनिराळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात: ठसा किती पूर्ण उमटला, पृष्ठावर ओरखडे किती, मूळचें तेज किती उरलें, आणि नाणें डोळ्यांस किती भावतें. पहिल्या तीन गोष्टी निदान वस्तूंत आहेत. चौथी पाहणाराच्या ठिकाणीं आहे. वर्णच्छटेचा सर्व भार या चौथीवर पडतो. एका संस्थेनें तर नेत्ररम्य नाण्यांस अंकापुढें तारकेचें चिन्ह देण्याची प्रथा पाडली आहे.

आपल्याकडे नाण्यांची परीक्षा हें जुनेंच शास्त्र आहे. कौटिलीय अर्थशास्त्रांत टांकसाळीचा लक्षणाध्यक्ष वेगळा व नाणीं पारखणारा रूपदर्शक वेगळा. मराठेशाहींत हें काम पोतदाराकडे असे. तो नाणें वाजवून, कसून, तोलून पाही व कमी भरेल त्यावर बट्टा आकारी. पोतदाराची परीक्षा रूक्ष असेल. पण हा बट्टा वजनाचा आणि हा धातूच्या हिणकसपणाचा, असें त्यास विचारल्यास सांगतां येत असे. शेल्डनच्या पट्टीवरील ६६ व ६७ यांमधील अंतर कशाचें, हें असें पृथक् करून सांगतां येत नाहीं. लहानशा अंतरानें किंमत मात्र दुप्पट होऊं शकते. म्हणून तेंच नाणें डबींतून काढून पुन्हां पुन्हां परीक्षेस पाठविण्याची चाल पडली आहे. परीक्षकाचें मत बदलेल या आशेवर ज्या परीक्षेचा व्यवहार चालतो, तिला प्रमाण म्हणावें कसें?

याच ग्रंथकाराच्या चरित्रांतील एक गोष्ट येथें सांगणें प्राप्त आहे, कारण ती प्रस्तुत मुद्द्याशीं संबद्ध आहे. शेल्डन १९७७ सालीं वारला. त्यानंतर असें उघडकीस आलें कीं, न्यूयॉर्क येथील अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहांतील कित्येक उत्तम सेंट त्यानें काढून घेऊन त्यांच्या जागीं त्याच जातीचे हलके सेंट ठेवले होते. हें सिद्ध झालें तें प्रत्येक नाण्याच्या अंगावरील विशिष्ट खुणा जुन्या नोंदींशीं व छायाचित्रांशीं पडताळून. एका जातीच्या दोन सेंटांस एकच अंक देतां येतो. अंगावरील खुणा मात्र दोघांच्या सारख्या होत नाहींत. ज्यानें नाण्यास अंक दिला, त्याच्याच विरुद्ध नाण्याच्या खुणांनीं साक्ष द्यावी, याहून त्या अंकाच्या मर्यादेचें अधिक स्पष्ट उदाहरण काय असूं शकेल?

(४) कूटसाक्षी

रंगास किंमत आली म्हणजे रंग बनविणारे निघतात. गंधकयुक्त द्रव्यांच्या वाफेवर धरून, तापवून, किंवा गंधक असलेल्या कागदांत बांधून नाण्यास थोड्या दिवसांत इंद्रधनुष्याचे रंग आणतां येतात. अर्थशास्त्रांत खोट्या नाण्यास कूटरूप म्हटलें आहे व धर्मशास्त्रांत खोट्या साक्षीदारास कूटसाक्षी. बनावट रंगाचें नाणें पहिल्या वर्गांत बसत नाहीं, कारण त्याची चांदी, वजन, ठसा व साल हें सर्व खरें असतें. तें दुसऱ्या वर्गांतलें आहे. वेदान्त्यांच्या शुक्तिरजत-दृष्टांतांत शिंपल्याच्या ठिकाणीं रुप्याचा भास होतो. येथें रुपें खरेंच असतें, भास होतो तो त्यानें भोगलेल्या काळाचा.

अशी साक्ष कशी तपासावी? रंगांचा क्रम चुकलेला असणें, रंग ठशाच्या उंच-सखल भागांस न जुमानतां डागासारखा वर बसलेला असणें, ओरखड्याच्या आंतहि बाहेरच्यासारखाच ताजा रंग भरलेला असणें, या गोष्टी संशय घेण्यास पुरेशा आहेत. प्रतवारी करणाऱ्या संस्थाहि शंकास्पद रंगाच्या नाण्यांस अंक नाकारतात, हें त्यांच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. परंतु यांत एक न्यायदोष राहून जातो. रासायनिक क्रिया एकच आहे. थैलींतील गंधक व मुद्दाम आणलेला गंधक यांत धातूस भेद कळत नाहीं. हळूहळू व काळजीपूर्वक रंगविलेल्या नाण्याच्या ठिकाणीं रंगांचा क्रमहि बरोबर येऊं शकतो. म्हणजे "क्रम बरोबर आहे, म्हणून रंग जुना आहे" हा हेतु अनैकान्तिक होय. तो साध्य नसलेल्या ठिकाणींहि आढळतो. क्रम चुकला तर खोटेपणा सिद्ध होतो; क्रम जुळला तर खरेपणा सिद्ध होत नाहीं. तो सिद्ध होण्यास दुसरें प्रमाण, म्हणजे भुक्तीची परंपरा, जोडावी लागते. बंद डबीवरील अंकांत ही परंपरा नसते.

(५) लिखित खोटें, साक्षी खरा : १८०४ चा डॉलर

तिन्ही प्रमाणें एकत्र लावल्यावर काय साधतें, याचें उत्तम उदाहरण अमेरिकन नाण्यांतच आहे. १८०४ सालचा डॉलर हा तेथील सर्वांत विख्यात. टांकसाळीच्या हिशेबांत १८०४ सालीं १९,५७० डॉलर पडल्याचें लिहिलें आहे, आणि नाण्यावर १८०४ हें साल आहे. लिखित प्रमाण इतकें स्पष्ट असतांहि तें फसवें निघालें. १८०४ सालीं पडलेले डॉलर मागील सालांच्या ठशांनींच पाडले होते. ज्यांवर १८०४ साल आहे ते डॉलर त्या सालीं पडलेच नाहींत. एरिक न्यूमन व केनेथ ब्रेसेट यांनीं १९६२ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें कीं, या नाण्यांची कड व किनार ज्या रीतीनें घडली आहे ती रीत टांकसाळींत १८३० नंतरच्या काळांतील आहे. १८३४ सालीं पूर्वेकडील राजांस नजराणा म्हणून देण्यासाठीं नाण्यांचे संच मागविण्यांत आले, तेव्हां हे प्रथम पाडले गेले. पुढें टांकसाळींत कांहीं खाजगी रीतीनेंहि पाडले गेले. त्यांतील एक तर स्वित्झर्लंडांतील बर्नच्या १८५७ सालच्या नाण्यावरच ठोकलेलें आहे व खालचें जुनें अक्षर अद्यापि दिसतें! धातूच्या साक्षीनें लेखास खोटें पाडलें. न्यूमन-ब्रेसेट यांचा ग्रंथ हा नाणकसमीक्षेचा नमुना होय. त्यांत नाण्यास अंक देण्याचा प्रश्न दुय्यम असून, नाणें काय सांगतें हा मुख्य आहे.

या नजराण्याचा वाहक एडमंड रॉबर्ट्स हा 'पीकॉक' जहाजानें निघाला. १८३५ सालीं तें जहाज अरबस्तानच्या किनाऱ्यानजीक मसीरा बेटाजवळ वाळूंत रुतलें. मस्कतचा सुलतान सय्यद सईद यास संच पोंचता करून ही मोहीम जहाजाच्या दुरुस्तीसाठीं त्या वर्षाअखेरीस मुंबईच्या गोदींत थांबली, व तेथून पुढें सयामकडे गेली. १८३६ सालीं सयामच्या राजासहि संच पोंचला. रॉबर्ट्स त्याच वर्षीं मकाव येथें वारला.

आतां भुक्तीची बाजू पाहूं. मस्कतच्या सुलतानाचा म्हणून ओळखला जाणारा डॉलर आपल्या जुन्या वर्णच्छटांमुळेंहि वाखाणला जातो. १९९९ सालीं तो ४१,४०,००० डॉलरांस व २०२१ सालीं ७६,८०,००० डॉलरांस विकला गेला. परंतु तो इंग्लंडांत लिव्हरपूलच्या वॉटर्स नांवाच्या संग्राहकाकडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आढळतो, व १९१७ सालीं लंडनच्या लिलांवांत येतो. मस्कत ते लिव्हरपूल हा दुवा लेखी पुराव्यानें जोडलेला नाहीं. तो अनुमान आहे. सयामच्या राजाचा संच १९६२ सालीं जगापुढें आला. तो सयामच्या राजवाड्यांत शिक्षिका असलेल्या अ‍ॅना लिओनोवेन्स हिच्या वंशजांकडून आला, अशी आख्यायिका आहे. ही बाई आपला जन्म वेल्समध्यें झाला असें सांगत असे. मागाहून संशोधनांत निष्पन्न झालें कीं ती १८३१ सालीं आपल्या अहमदनगरास जन्मली होती. जिच्या नांवावर परंपरा टेकलेली, तिनें स्वतःच्याच परंपरेचा आरंभ बदलून सांगितला होता. एवढ्यावरून नाण्यांची आख्यायिका खोटी ठरत नाहीं; पण तिला प्रमाणाची जागा देतां येत नाहीं, हें उघड आहे. या दोन्ही ठिकाणीं लिलांवाच्या सूचींतील वर्णनें रंगावर जितकी शाई खर्च करतात, तितकी या तुटक्या दुव्यांवर करतील तर अभ्यासकांवर उपकार होतील.

(६) एक आक्षेप व त्याचें उत्तर

येथें कोणी म्हणेल कीं, रंग जर क्षय आहे व त्यावर बनवाबनवी होते, तर तो काढूनच टाकावा व नाणें मूळच्या शुभ्र रूपांत पाहावें. हें मत नवें नाहीं. पूर्वीं अमेरिकेंत व युरोपांत नाणीं उजळण्याची चाल सार्वत्रिक होती. तिच्या पायीं एका मोठ्या संग्राहकाचा प्राणहि गेला. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचा आश्रयदाता सँफर्ड सॉल्टस हा १९२२ सालीं लंडन येथें नाणीं उजळण्यासाठीं आणलेलें पोटॅशियम सायनाइड चुकून प्याला व मरण पावला. हल्लीं आम्लयुक्त थायोयूरियाचा द्राव वापरतात. आपल्या घरोघरीं चिंच, राख व रिठा आहेतच, आणि वडिलोपार्जित रुपये दिवाळीच्या पूजेपूर्वीं घासून लख्ख करणें हें आपल्याकडे पुण्यकर्म समजतात!

परंतु पापुद्रा हा नाण्याच्याच चांदीचा झालेला असल्यामुळें तो काढणें म्हणजे नाण्याचा सर्वांत वरचा थर काढणें होय. ठसा पडतांना धातू कडेकडे सरकून ज्या सूक्ष्म रेषा उमटतात, त्यांमुळें नव्या नाण्यावर तेजाचें चक्र फिरतांना दिसतें. वारंवार बुडविलेल्या नाण्यावर तें मंद होतें व पुन्हां येत नाहीं. जीर्ण पोथींतील समासांतल्या टिपा मूळ ग्रंथकाराच्या नव्हेत म्हणून खरवडून काढाव्या, असें कोणी संपादक म्हणत नाहीं; कारण पोथी कोणी, कोठें व कधीं वाचली हें त्या टिपांवरूनच कळतें. रंग काढणें व रंग चढविणें यांत नीतीच्या दृष्टीनें अंतर असेल. साधनाच्या दृष्टीनें दोन्ही सारखींच.

(७) निष्कर्ष

सारांश, वर्णच्छटेची आवड निंद्य नाहीं, व तिला किंमत देणाऱ्यांशीं वाद नाहीं. वाद आहे तो एवढाच कीं, सत्तर अंकांच्या पट्टीनें व तारकांनीं त्या आवडीस शास्त्राचें रूप दिलें, आणि त्या भरांत रंगाचा जो खरा उपयोग तो दृष्टीआड झाला. व्यापाऱ्यांस व्यवहारासाठीं अंक हवा असेल तर तो त्यांनीं खुशाल वापरावा. तो मुळांतच भावाचा गुणक होता, आणि भावापुरताच त्यास अर्थ आहे. परंतु संग्रहालयाच्या किंवा अभ्यासकाच्या सूचींत नाण्याचें वर्णन करतांना ठशाची पूर्णता, झीज व ओरखडे, वर्णच्छटा आणि परंपरा या चार गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत लिहाव्या. वर्णाच्या रकान्यांत केवळ "सुंदर" किंवा "आकर्षक" असें न लिहितां रंग कोठून कोठें व कोणत्या क्रमानें गेले आहेत, कोणती बाजू रंगलेली आहे, कापडाची वीण किंवा शेजारच्या नाण्याची कोर दिसते कीं काय, तें नमूद करावें, आणि त्यासोबत दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें ठेवावीं. परंपरेच्या रकान्यांत कागदानें सिद्ध झालेला दुवा व ऐकीव दुवा यांस भिन्न चिन्हें द्यावीं. नाणें उजळलेलें असल्यास तेंहि न लपवितां सांगावें.

असें केल्यानें रंगलेल्या डॉलराची किंमत उतरेल असें नाहीं. कदाचित् ज्याची साक्ष तपासणीस टिकली त्याची ती वाढेलहि. पण तो विचार संग्राहकांचा. अभ्यासकाचा लाभ हा कीं, ज्या कोट्यवधि डॉलरांचा हिशेब १९१८ च्या भट्टीनें पुसला, त्यांतून वांचलेल्यांपैकीं निदान कांहींचा पूर्ववृत्तांत त्यांच्या अंगावरून वाचतां येईल. मात्र कोणी तो हौसेनें रंगवून किंवा घासून टाकण्यापूर्वीं लिहून ठेविला पाहिजे.